जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा व्याजदर आणि नंतरचा खरा दर : गृहकर्ज घेताना कोणता आकडा विचारायचा?

पिंप्राळा_मास्तर | १२ जानेवारी २०२६

मंडळी, जळगावात सध्या पिंप्राळ्यापासून महाबळपर्यंत जिकडे बघावं तिकडे रो-हाउसचे बोर्ड आहेत आणि प्रत्येक बोर्डाच्या खाली ठळक अक्षरात 'गृहकर्ज अमुक टक्क्यांपासून'. माझ्या भाच्याला घर घ्यायचं आहे. कर्ज २५ लाख, मुदत २० वर्षं. दोन ठिकाणचे कागद टेबलावर आहेत.

एका बँकेचा दर ७.७५ टक्के. त्यात रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ५.२५ आणि स्प्रेड (बँकेची त्यावरची भर) २.५० अशी फोड करून लिहिलंय. दुसरी एक हाउसिंग फायनान्स कंपनी आहे, तिचा दर ७.२५. भाच्याचा कल अर्थातच ७.२५ कडे. पण त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर, सह्यांच्या जागेच्या वर, बारीक टायपात एक ओळ आहे : 'सदर दर पहिल्या १२ महिन्यांकरिता लागू. तदनंतर कंपनीच्या प्रचलित संदर्भ दरानुसार.' प्रचलित म्हणजे आज किती, हे संपूर्ण कागदात कुठेही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाचा दर ज्या अक्षरात छापता, त्याच अक्षरात तो कधी संपतो आणि नंतर काय लागणार हेही छापा. २४० हप्त्यांपैकी १२ हप्त्यांचा दर बोर्डावर आणि उरलेल्या २२८ चा दर गुलदस्त्यात, ही माहिती देणं नव्हे. तुमचे अनुभव सांगा. आणि या दोन कागदांची तुलना नेमकी कशी करायची तेही सांगा.

---

भुसावळ_यार्ड

मास्तर, ७.२५ मधला 'पासून' हा शब्द बघा. रेल्वेत आहे, पगार वेळेवर, सिबिल चांगला, तरी मला तो 'पासून'वाला दर मिळाला नव्हता. तो दर कोणाला मिळतो तो माणूस मला एकदा बघायचाय भो.

---

चोपडा_एक्सप्रेस

@भुसावळ_यार्ड तो माणूस बोर्डावरच असतो. पांढरा शर्ट, शेजारी बायको, हातात किल्ली. 😄

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

मास्तर, आयुष्य बँकेच्या कर्जविभागात गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

बदलत्या दराच्या कर्जाचा दर दोन तुकड्यांचा असतो : एक संदर्भ दर, दुसरा त्यावरचा स्प्रेड. संदर्भ दर कोण ठरवतं यावर सगळं अवलंबून. पूर्वी बीपीएलआर नावाचा संदर्भ दर होता, तो बँक स्वतः ठरवायची. बाजारात व्याज उतरलं तरी जुन्या ग्राहकाचा दर उतरत नसे, आणि नव्याला मात्र बीपीएलआरच्या खाली कर्ज मिळे. म्हणून १ जुलै २०१० पासून बेस रेट आला. तोही पुरेसा हलेना, म्हणून १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर, म्हणजे बँकेला निधी उभारायला येणाऱ्या खर्चावर बसवलेला दर. शेवटी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना सांगितलं की नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या संदर्भ दराला जोडा. बहुतेक बँकांनी रेपो घेतला. दर तीन महिन्यांतून निदान एकदा तो बदल खात्यात उतरलाच पाहिजे.

आता मुद्दा असा की हे बंधन बँकांना आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीला नाही. तिचा संदर्भ दर तिचा स्वतःचा. तिथे 'प्रचलित दर' म्हणजे त्या दिवशी कंपनी जो जाहीर करेल तो.

त्यामुळे ७.२५ आणि ७.७५ ही तुलनाच होत नाही. कंपनीला लेखी एकच प्रश्न विचारा : ही १२ महिन्यांची सवलत आज संपली असती, तर आज माझ्या भाच्याला किती टक्के लागले असते? तो आकडा ७.७५ च्या शेजारी ठेवा.

---

लोन_मार्गदर्शक_जळगाव

नमस्कार. मी याच व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोणतीही संस्था काही लपवत नाही. सगळं सँक्शन लेटरमध्ये असतं, ग्राहक वाचत नाही. आणि पहिल्या वर्षी सवलत देण्यात वाईट काय? नवीन घराला पहिल्याच वर्षी फर्निचर, नोंदणी, मुद्रांक शुल्क, वास्तुशांत असा खर्च असतो. तेव्हा हप्ता कमी असला तर कुटुंबाला श्वास घेता येतो. शिवाय २० वर्षं कर्ज कोणी चालवत नाही, बरेच जण आधीच फेडतात. अधिक माहितीसाठी संपर्क :

[संपर्क क्रमांक काढला आहे. धाग्यावर जाहिरात नको. – व्यवस्थापक]

---

पिंप्राळा_मास्तर

@लोन_मार्गदर्शक_जळगाव सवलतीला माझा विरोध नाहीच. माझा भाचा शिकलेला आहे, त्याने कागद वाचला, मीही वाचला. तरी आम्हाला नंतरचा दर सापडला नाही, कारण तो छापलेलाच नाही. न छापलेलं कसं वाचायचं ते सांगा.

---

शहाद्याची_वहिनी

मास्तर, मी कधी लिहीत नाही पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं कर्ज २०२१ मधलं. तेव्हा रेपो ४ टक्के होता, सगळीकडे पावणेसात-सात टक्क्यांच्या जाहिराती. घरचे शिक्षक, हिशेब केला की निवृत्तीच्या आत कर्ज फिटतं. मग मे २०२२ पासून दर वाढायला लागले. आमचा हप्ता एक रुपयानेही वाढला नाही. आम्ही समजलो, आपल्याला काही लागलं नाही. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी टॉप-अप विचारायला शाखेत गेले, तेव्हा खात्याचा उतारा हातात आला. 'उर्वरित हप्ते' या रकान्यातला आकडा कर्ज घेतलं त्या दिवसापेक्षा मोठा होता. दोन वर्षं हप्ते भरून! मी काउंटरवर बोट ठेवून विचारलं, हे छापताना चुकलंय का? तर म्हणाले, नाही मॅडम, सिस्टिमने मुदत वाढवली आहे. घरच्यांच्या निवृत्तीनंतरही कितीतरी वर्षं हप्ते दिसत होते.

एक पत्र नाही, एक फोन नाही. दर वाढला याची तक्रार नाही, तो सगळ्यांचाच वाढला. हप्ता वाढवायचा की मुदत, हे आम्हाला विचारायला हवं होतं.

---

आप्पा_साक्री

मन्हा पोऱ्यानी घर लिधं तवय मी त्याले एकच सांगं, कागद घर लई ये, वाचीसन मंग सही कर. वहिनी, तुम्हनं बरोबर शे.

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

वहिनींचा अनुभव फार जणांचा आहे. त्यामागचं गणित मांडतो, म्हणजे मास्तरांनाही उपयोग होईल.

२५ लाख, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता येतो १९,३८२ रुपये. कर्ज नवं असताना दर ८.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत २४० वरून जवळपास ३४७ महिन्यांवर जाते. म्हणजे २० ची २९ वर्षं. ९ टक्के झाला तर ४५८ महिने, ३८ वर्षं. ९.५ झाला तर महिन्याचं नुसतं व्याज १९,७९१ होतं, म्हणजे हप्त्याहून जास्त. त्या हप्त्यात कर्ज कधीच फिटणार नाही, उलट वाढत जाईल. आणि रेपो खरोखरच मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५० वर गेला होता. अडीच टक्के, एका वर्षाच्या आत.

याच कारणाने १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. मंजुरीच्या वेळीच सांगायचं की दर बदलला तर हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होईल. दर बदलताना ग्राहकाला पर्याय द्यायचा : हप्ता वाढवा, मुदत वाढवा किंवा दोन्ही थोडं थोडं. स्थिर दराकडे जाण्याचाही पर्याय तेव्हा द्यावाच लागे, १ ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. आणि दर तिमाहीला विवरण द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजही भागू नये. जुन्या कर्जांनाही हे लागू झालं, त्यासाठी ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वेळ दिली होती.

वहिनी, शाखेत लेखी अर्ज द्या : मुदत मूळ तारखेवर आणून हप्ता किती येतो ते कळवा. गेल्या वर्षभरात रेपो ६.५० वरून ५.२५ वर आलाय, त्यामुळे आकडा तुम्हाला वाटतो तितका मोठा नसेल.

---

रावेर_केळीबाग

मुदत वाढण्यावर आमचा उपाय वेगळा. आम्हाला पगार नाही, केळीचा पैसा कटाईला येतो. कटाई झाली की एकरकमी मुद्दलात भरतो. बदलत्या दराच्या घरकर्जाला व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. बँकांना २०१२ पासून ही मनाई आहे. कर्मचारी हे आपणहून सांगत नाहीत. भरताना मात्र लिहून द्या की रक्कम मुद्दलात घ्या आणि मुदत कमी करा, नाहीतर पुढच्या हप्त्यांपोटी जमा धरतात.

यंदा भाव पडला तो विषय वेगळा. करपा आणि वारा दोन्हीने मारलं.

---

चोपडा_एक्सप्रेस

रावेरवाले भाऊ, केळीच्या भावालाही रेपोसारखं दर दोन महिन्यांनी कोणीतरी मुंबईत बसून जाहीर केलं पाहिजे.

---

रावेर_केळीबाग

@चोपडा_एक्सप्रेस जाहीर होतो ना रोज, बऱ्हाणपूरचा भाव बघून सगळं ठरतं. फक्त बोर्डावरचा एक आणि बागेत मिळतो तो दुसरा. मास्तरांच्या बोर्डाचंही तेच की.

---

अमळनेर_ते_ऑस्टिन

मूळचा अमळनेरचा, सध्या टेक्सासात. इथे बदलत्या दराची कर्जं जुनी आहेत आणि त्यातून लोक पोळलेही आहेत, २००८ च्या आधी पहिली दोन वर्षं स्वस्त आणि नंतर भडका अशी कर्जं सर्रास दिली गेली होती. मास्तरांची जी मागणी आहे ती इथे नियमात आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

कर्जातल्या माहितीचा मूळ कायदा १९६८ चा. त्याखालच्या नियमांत २००८ मध्ये फेडरल रिझर्व्हने भर घातली, ती ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. घर तारण असलेल्या कर्जाच्या जाहिरातीत व्याजदर छापला आणि मुदतीत एकापेक्षा जास्त दर लागणार असतील, तर प्रत्येक दर आणि तो किती काळ लागेल हे तितक्याच ठळकपणे, त्याच्या जवळच छापावं लागतं. नंतरचा दर बदलता असेल तर 'तेव्हाचं तेव्हा' म्हणून सुटका नाही. आजचा संदर्भ दर आणि त्यावरची ठरलेली भर यांची बेरीज करून आकडा द्यायचा. शिवाय सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर, एपीआर, तोही.

मी घर घेताना पाच वर्षं स्थिर आणि मग दर सहा महिन्यांनी बदलणारं कर्ज बघितलं होतं. त्याला मर्यादा होत्या : पहिल्या बदलाला जास्तीत जास्त २ टक्के, पुढे प्रत्येक वेळी १ आणि पूर्ण मुदतीत ५. पहिल्यांदा दर बदलून जो हप्ता येणार, त्याच्या किमान २१० दिवस आधी पत्र यावं लागतं. सात महिने हातात असले की माणूस दुसरीकडे कर्ज हलवू शकतो.

---

लोन_मार्गदर्शक_जळगाव

@अमळनेर_ते_ऑस्टिन तिकडचं तिकडे. आपल्याकडेही आता केएफएस (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) आहे, त्यात सगळं येतं. धाग्यावर त्याबद्दल कोणी बोललंच नाही.

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

@लोन_मार्गदर्शक_जळगाव हे तुम्ही योग्य काढलंत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे, बँकेला आणि हाउसिंग फायनान्स कंपनीलाही. ग्राहकाला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत मागता येतं. दर बदलता असेल तर संदर्भ दर कोणता, आज किती, स्प्रेड किती, दोन्ही किती महिन्यांनी बदलू शकतात, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावं लागतं. पाव टक्का बदलला तर हप्ता किती रुपयांनी आणि हप्ते कितीने बदलतील, हाही रकाना आहे. २५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के धरले तर पाव टक्का वाढीला हप्ता ४०० रुपयांच्या आसपास वाढतो, हप्ता तोच ठेवला तर बाराएक हप्ते जास्त.

केएफएसमध्ये नसलेली फी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि तो कागद दिल्यावर निदान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात. म्हणजे आप्पांनी पोराला सांगितलं तसं, घरी नेऊन वाचायला वेळ मिळतो.

पण मास्तरांचा मुद्दा तरीही उरतो. केएफएस हातात येतो तोवर माणसाने लॉगिन फी भरलेली असते, बिल्डरला बयाणा दिलेला असतो, बायकोने भिंतींचा रंग ठरवलेला असतो. तिथून मागे फिरायला छाती लागते. निर्णय बोर्ड बघून झालेला असतो, म्हणून नंतरचा दर बोर्डावरच हवा.

---

भुसावळ_यार्ड

काका, एक विचारू का? सरकारी बँकांनीही मागे ८ टक्केवाली स्कीम आणली होती ना?

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

हो. २००९ मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षी ८ टक्के स्थिर अशी गृहकर्जं आणली, मग बाकीचे मागे आले. रिझर्व्ह बँकेला हे आवडलं नाही. तिने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा कर्जांसाठी बँकेने बाजूला ठेवायची तरतूद ०.४० टक्क्यांवरून २ टक्के केली. बँकेला ते महाग पडायला लागलं आणि २०११ मध्ये योजना आटोपली. तेव्हा प्रश्न हाच होता की दर चढल्यावर ग्राहकाला हप्ता झेपेल का. काही योजनांत पुढचे दर निदान आधी छापलेले तरी होते.

---

देवपूर_सुगरण

धाग्याचा विषय नाही, पण या थंडीत धुळ्यात कळण्याची भाकरी आणि भरीत खात हे वाचलं आणि नवऱ्याला उठवून आमचा उतारा काढायला लावला. आमचा स्प्रेड ३.१० आहे. त्याच बँकेत शेजारणीला नवीन कर्ज २.४० स्प्रेडने मिळालं. रेपो दोघींना एकच. असं कसं?

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

@देवपूर_सुगरण रेपो जाहीर असतो म्हणून सगळे तोच बघतात, खरी घासाघीस स्प्रेडमध्ये असते. नव्या ग्राहकासाठी बँक स्प्रेड कमी करते, जुन्याचा तसाच राहतो. पूर्वी त्यातला कर्जदाराच्या जोखमीचा भाग सोडून बाकीचा तीन वर्षांच्या आत बदलता येत नसे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी बँक तो आधीही कमी करू शकते. अर्ज द्या, शेजारणीच्या दराचा उल्लेख करा. थोडी फी घेऊन करतात. नाही केलं तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचं पत्र द्या, मग बहुधा फोन येतो.

---

पिंप्राळा_मास्तर

मंडळी, कंपनीकडून लेखी उत्तर आलं. दोन वेळा ईमेल करावं लागलं. आज सवलत संपली असती तर दर असता ८.७५ टक्के.

रात्री भाच्यासोबत हिशेब मांडला. बँकेचा ७.७५ ने हप्ता २०,५२४. कंपनीचा पहिल्या वर्षी १९,७५९. म्हणजे महिन्याला ७६५ रुपये वाचतात, वर्षाचे ९,१८०. तेराव्या महिन्यापासून उरलेल्या २२८ महिन्यांसाठी ८.७५ ने हप्ता येतो २२,००७, बँकेपेक्षा १,४८३ जास्त. वर्षभर जे वाचलं ते सात महिन्यांत संपतं आणि नंतर अठरा वर्षांहून जास्त काळ दरमहा जास्त भरत राहायचं. आजचे संदर्भ दर तसेच राहिले असं धरून, हे मान्य. पण दोन्हीकडे तेच धरलंय.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, मामा, हे ८.७५ त्यांनी आधीच लिहिलं असतं तर मी गेलोच नसतो. मी म्हटलं, म्हणूनच लिहिलं नाही.

@लोन_मार्गदर्शक_जळगाव, राग मानू नका. तुमच्याकडे येणाऱ्या पुढच्या माणसाला पहिल्याच भेटीत हा दुसरा आकडा सांगाल का?

---

लोन_मार्गदर्शक_जळगाव

मास्तर, राग नाही. पण जो आकडा कंपनी मला देत नाही तो मी कुठून सांगू? आम्हाला जे पत्रक मिळतं त्यात पहिल्या वर्षाचाच दर असतो. आणि तुमच्या भाच्याने दोन वर्षांत कर्ज फेडलं असतं किंवा हलवलं असतं तर हा हिशेब बदलला असता, हेही लक्षात घ्या.

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

कर्ज हलवायलाही पैसे लागतात : नवी प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, तारणाच्या नोंदीचं मुद्रांक शुल्क. त्यामुळे हलवायचं धरलं तरी उत्तर फारसं बदलत नाही.

हां, कर्जासोबत विमा गळ्यात मारला आहे का तेही मास्तरांनी बघावं. कर्ज देणाऱ्याने वसूल केलेला विम्याचा हप्ता एपीआरमध्ये धरावा लागतो. दोन केएफएस शेजारी ठेवून एपीआर बघितला की हे लगेच दिसतं. फक्त पहिल्या वर्षाच्या दरावरून एपीआर काढला नाही ना, हे विचारा.

---

शहाद्याची_वहिनी

अर्ज दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं. मूळ मुदतीवर आणायला हप्ता दरमहा साधारण अकराशे रुपयांनी वाढेल. घरचे म्हणाले, भरू. काका, तुमचे आभार. विवरण मात्र अजून तिमाहीला येत नाही, त्याची तक्रार कुठे करायची?

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

वहिनी, आधी बँकेकडे लेखी तक्रार, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फी नाही. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते, लोकपालाकडे नाही.

---

पाचोरा_नवीन_सभासद

उशिरा विचारतोय. आमच्या गावात पतसंस्था घरासाठी कर्ज देते, 'पहिलं वर्ष ९ टक्के' असा बोर्ड आहे. त्यांनाही केएफएस मागता येईल का?

---

निवृत्त_कर्जविभाग_धुळे

@पाचोरा_नवीन_सभासद नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिला लागू नाहीत. नागरी सहकारी बँक असेल तर केएफएस द्यावाच लागतो, पण दर रेपोला जोडण्याची सक्ती तिलाही नाही. पतसंस्थेत जायचंच असेल तर दुसऱ्या वर्षीचा दर, तो कोणाच्या ठरावाने बदलतो आणि मुदतपूर्व फेडीला दंड आहे का, हे तिन्ही लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. देत नसतील तर पाचोऱ्यात बँका आहेत.